आधी दगड तापवा!

चुलीवर भांडं न चढवता ३०० लिटर पाण्याला आधण येतं, तेही १८ मिनिटांत! आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात, ड्रॉम्बेगच्या फलकावर हे वाचलं आणि मी खिळलोच. आलो होतो उभ्या दगडांचं वर्तुळ बघायला. ते देखणं आहेच; सगळे कॅमेरे तिकडेच वळलेले. पण पश्चिमेला थोडं पुढे जमिनीत दगडांनी बांधलेला एक हौद आहे, जवळच चूल आणि झरा. बस्स! वर्तुळ विसरलो.

युक्ती अशी. हौद पाण्यानं भरायचा, शेजारी जाळ करून दगड लालबुंद तापवायचे आणि एकेक पाण्यात सोडायचे. चर्रर्र! म्हणजे विस्तव पाण्याखाली नाहीच, थेट पाण्यात! एडवर्ड फाही यांनी १९५७-५८ मध्ये इथे उत्खनन केलं आणि हे करूनच पाहिलं. पाणी जवळजवळ तीन तास गरम राहिलं. त्याआधी १९५२ मध्ये मायकेल ओ'केली यांनी बॅलीव्हर्नीला तर कमालच केली. मटणाची साडेचार किलोची अख्खी तंगडी पेंढ्यात गुंडाळून तशाच हौदात सोडली आणि ३ तास ४० मिनिटांनी काढली, तर मस्त शिजलेली! (असं पुरातत्त्व कॉलेजात असतं, तर मी एकही तास बुडवला नसता.)

तापून आणि विझून दगड तडकतात. निकामी झाले की बाहेर फेकायचे. त्या फेकलेल्या दगडांचे, राखेचे, कोळशाचे नालाच्या आकाराचे ढिगारे झाले. हा कचराच आज पुरातत्त्वज्ञांचा खजिना आहे! तिथे त्यांना फुलाख्त फिआ म्हणतात. देशभरात सात हजारांहून जास्त नोंदले गेलेत, बहुतेक कांस्ययुगातले.

आणि गंमत म्हणजे हाडं फारशी सापडतच नाहीत. मग शिजवत काय होते? कुणी म्हणतं अंघोळ, कुणी म्हणतं कातडी कमावणं, लोकर रंगवणं. २००७ मध्ये गॉलवेच्या बिली क्विन आणि डेक्लन मूर या पुरातत्त्वज्ञांनी तर अशाच हौदात चक्क बिअर करून दाखवली! भांडा म्हणावं खुशाल. माझा कौल सगळ्यांनाच: सणाला मटण, थंडीत अंघोळ, अधूनमधून बिअर. इतकं गरम पाणी हाताशी असताना माणूस एकाच कामावर थांबेल, हे मला तरी पटत नाही.