रात्री दोनचा ब्लॉक

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठी विभागात लिहायचं म्हटलं की थोडं टेन्शनच येतं. पण कॉम्प्युटरला तरी आपण काय देतो? साध्या, सरळ सूचनाच ना! तसंच लिहिते.

आमच्या लॅबमध्ये लिनक्सचे चार सर्व्हर आहेत. त्यांवर बीईवाल्यांचे प्रोजेक्ट असतात. दर शनिवारी एकेकावर लॉग-इन करायचं, 'ॲप्ट-गेट अपडेट' देऊन पॅकेजेसची नवी यादी मागवायची, मग 'अपग्रेड' देऊन ती बदलायची. तोवर पालघरहून बोईसरची लोकल निघून गेलेली! म्हणून शेल स्क्रिप्ट लिहायला घेतली. चार नावांवर फिरणारा 'फॉर' लूप, आत त्याच दोन कमांड, आणि रात्री दोन वाजता हे सगळं चालवायला क्रॉन. जेमतेम दहा ओळी.

माझे बाबा तारापूर एमआयडीसीत मेंटेनन्सला आहेत. त्यांना कल्पना सांगितली तर म्हणाले, "शटडाऊन घेतेस ते बरंच आहे गं. पण चारही पंप एकदम उघडायचे नसतात. आणि प्लांट परत नीट चालू झाला का, ते कोण बघणार?"

खरंच आहे. जून २०१७ मध्ये 'नॉटपेट्या'ने जेएनपीटीतलं मर्स्क समूहाचं कंटेनर टर्मिनल ठप्प केलं. तो विंडोजच्या ज्या फटीतून पसरला, तिचा पॅच मार्चमध्येच आला होता. पण गंमत बघा, युक्रेनमध्ये तो मुळात शिरला एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच! जुलै २०२४ मध्ये तर क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पाडले. म्हणजे अपडेट न करणं धोक्याचं, आणि डोळे मिटून करणंही.

म्हणून स्क्रिप्टमध्ये चार नियम घातले. आधी एकच सर्व्हर, बाकीचे दुसऱ्या रात्री. एक कमांड फेल झाली की पुढची चालवायची नाही. पॅकेजची डिजिटल सही ॲप्ट स्वतः तपासतं, ती तपासणी कधीच बंद करायची नाही. आणि रीस्टार्ट लागणार असेल तर स्क्रिप्टने फक्त तशी नोंद करायची. रीस्टार्ट माणसाने, दिवसाउजेडी करायचा. सबमिशनच्या आठवड्यात तर क्रॉन बंदच!

आपल्या पश्चिम रेल्वेचा रात्रीचा ब्लॉक असाच असतो. आपण झोपेत असताना रूळ दुरुस्त होतात, पण गाडी सोडण्याआधी कुणीतरी ते तपासतंच. माझी स्क्रिप्टही रात्रभर राबते. सकाळी लॉग वाचायला मात्र मीच लागते!