खोड चिरून बघा

टोमॅटोचा प्लॉट गेला ते दुःख पचलं. दुकानदाराने काउंटरमागून विचारलेलं "मालक कुठायत?" अजून पचत नाही.

जुन्नर तालुक्यातली आमची शेती. तारकाठी, ठिबक, मल्चिंग, सगळं नेहमीचंच. पहिल्या तोड्याच्या सुमारास काही झाडं दुपारी मान टाकायला लागली. सांजेला सावरायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. खालची पानं पिवळी पडत होती, तीही झाडाच्या एकाच अंगाची. काही पानं तर शिरेच्या एका बाजूला पिवळी, दुसऱ्या बाजूला हिरवी. मुळासकट झाड उपटून, पिशवीत घालून मी कृषी सेवा केंद्रात नेलं. त्याने पिशवी उघडलीसुद्धा नाही. "बॅक्टेरिया आहे ताई, आळवणी करा," म्हणत प्रतिजैविकाच्या पुड्या आणि टॉनिकची बाटली पुढे सरकवली. मी पानांचं सांगू लागले, तर मालकांना पाठवा म्हणाला, त्यांना समजावतो. सातबाऱ्यावर माझं नाव आहे. रोज सकाळी सरीतून मी फिरते. समजावायचं कुणाला होतं?

घरी येऊन जमिनीलगतचं खोड उभं चिरलं. सालीखाली तपकिरी रेघा वरपर्यंत चढलेल्या. एक तुकडा ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात धरला, पाणी नितळच राहिलं. जिवाणूची मर असती तर काही मिनिटांत दुधाळ धागे सुटले असते, आणि झाडं पिवळी न पडता हिरवीच्या हिरवी कोलमडली असती. ही फ्युजॅरियम बुरशी. पुढे कृषी विज्ञान केंद्रात नमुना दिला, तिथेही तेच निघालं.

प्रतिजैविक बुरशीला लागू पडत नाही, म्हणजे पैसा मातीत. त्याहून मोठा प्रश्न पुढच्या पिकाचा. जिवाणूची मर वांगी, मिरची, बटाट्यालाही धरते. टोमॅटोची फ्युजॅरियम टोमॅटोपुरती, पण जमिनीत वर्षानुवर्षं टिकते. निदान चुकलं की फेरपालटही चुकते. रोगट झाडं मुळासकट काढून जाळा, शेणखतातून ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी द्या, पण रोग लागलेलं झाड तिने उठत नाही. रोप घेतानाच फ्युजॅरियमला प्रतिकारक वाण मागा.

दुकानदारावर राग आहेच. पण उधारीवर खत तोच देतो, रात्री फोनही तोच उचलतो. आमच्या बांधावर दुसरं येतं कोण? औषध विकायचा परवाना देताना खोड चिरून दाखवायची परीक्षा घ्यायला हवी, आणि गिऱ्हाईक बाई असली तरी पिशवी उघडायची सक्ती.