ब्लॅकबर्नचे पुणेकर धनी

मँचेस्टरहून आगगाडीनें तासाभरांत ब्लॅकबर्न येतें. एके काळीं हें गांव हिंदुस्थानासाठीं धोतरें विणीत असे. आतां माग थंडावले आहेत. गांवाचा जीव गुंतला आहे ईवुड पार्कच्या मैदानांत. 1875 सालीं स्थापन झालेला येथील फुटबॉल संघ 1995 त इंग्लंडचा अजिंक्यवीर ठरला, तो जॅक वॉकर या गांवच्याच पोलादवाल्याच्या द्रव्यबळावर. मैदानाशीं त्याचा पुतळा उभा आहे.

नोव्हेंबर 2010 त हा संघ घेतला पुण्याच्या वेंकीजनें, म्हणजे कुक्कुटपालनांतील मातबर मंडळींनीं. मे 2012 त संघ वरच्या श्रेणींतून घसरला, त्या सामन्यांत कोणीं तरी चक्क कोंबडीच मैदानांत सोडली! (बिचाऱ्या कोंबडीचा काय अपराध?)

धनी क्वचितच दृष्टीस पडतात. मग तर्कांना काय तोटा! संघ विकणार काय? विकीत नाहींत तर ठेविला कशासाठीं? बरें, वर्षानुवर्षें तूट भरून काढली ती त्यांनींच. 2023 पासून मात्र पैसा धाडण्यासाठीं त्यांना दिल्लीच्या उच्च न्यायालयाकडे अनुमति मागावी लागूं लागली, आणि ब्लॅकबर्नकर दिल्लीच्या तारखांकडे डोळे लावून बसूं लागले. पूर्वीं लँकेशायरच्या भावाकडे मुंबईचे कापडवाले असेच कान लावून बसत.