मालकाला घेऊन ये म्हणण्याआधी

प्रिय वैशाली,

समुपदेशकाची नोकरी लागली, छान झालं. तू लिहितेस, एचआयव्ही पॉझिटिव्ह आलेल्या बाईला तू पहिल्याच भेटीत सांगतेस, 'जोडीदाराला तपासणीला घेऊन ये.' कागदावर बरोबर आहे. पण सांगलीच्या गोकुळनगरात, धंद्याच्या वस्तीत, जोडीदार म्हणजे मालक, बाईचा कायमचा माणूस. निरोध गिऱ्हाइकासाठी असतो. मालकापुढे धरला तर तो विचारतो, 'मी काय गिऱ्हाईक आहे का?' आणि हात उठतो.

माझ्याकडे यायच्या त्या बायकांतल्या एकीला आजार कळल्यावरही मालकाने सोडलं नाही. सोडलं असतं तर बरं, असं तीच म्हणायची. पैसे कमी पडले की तो विचारायचा, 'गल्लीत सांगू का?' सांगितलं की कोठ्याची घरवाली खोली काढून घेणार, गिऱ्हाईक तुटणार. बाटली हलली की गोळ्या वाजतात, म्हणून ती आत कापूस कोंबून पावडरच्या डब्यांमागे ठेवायची. उपचाराच्या नोंदींचं हिरवं पुस्तक शेजारणीच्या ट्रंकेत. तो मुक्कामाला असला की त्या रात्रीची गोळी चुकायची, आणि तिच्या कागदावर शेरा पडायचा, 'बेफिकीर'.

मार खाऊन ती पोलीस चौकीत गेली तर ऐकवलं, धंदेवालीला कसला नवरा! घरगुती हिंसाचाराचा 2005 चा कायदा लग्नासारख्या नात्यालाही लागू आहे. पण 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की पैसे देऊन शरीरसुखासाठी 'ठेवलेली' बाई त्यात बसत नाही. इथे तर बाईच त्याला पोसते गं! बरं, देहव्यापाराच्या कायद्यात तिच्या कमाईवर जगतो म्हणून त्याला आत टाकता येतं. पण तिला तो आत जायला नको असतो, मार थांबायला हवा असतो. मुलाच्या शाळेत बाप म्हणून त्याचंच नाव लागलेलं असतं.

एचआयव्हीच्या 2017 च्या कायद्याचं कलम 9 नीट वाच. जोडीदाराला कळवण्याची मुभा तुला अटींवर आहे. पण कळवल्याने बाईला मारहाण होईल किंवा तिला टाकून देतील अशी रास्त भीती असेल, तर कळवायचं नाही. ही भीती तिने आपणहून बोलून दाखवावी, अशी वाट बघू नकोस. खोलीवर कोण असतं, हात उचलतो का, गोळ्या कुठे ठेवशील, हे आधी विचार. गोळी सकाळची करता येईल का, ते डॉक्टरांना विचारून घे. गोळ्या नियमित चालून रक्तात विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, की संबंधातून मालकालाही लागण होत नाही. म्हणजे त्याच्या जिवासाठीही आधी तिची गोळी चुकता कामा नये. त्याच्या तपासणीचं तिला जमेल तेव्हा बघू.

तुझी,
सुमनताई