आमची उंची

चौकटीस पाठ टेकून, टांचा जुळवून, डोक्यावर पुस्तक आडवें धरून पेन्सिलीची रेघ मारून घेतली नाहीं, असा विद्यार्थी क्वचितच सांपडेल. रत्नागिरींतील आमच्या घराच्या माजघराची चौकट अशा रेघांनीं भरून गेलेली आहे. तेराव्या वर्षापासून आमच्या रेघा भराभर वर चढल्या, सोळाव्यानंतर जवळ जवळ येऊं लागल्या, आणि अठराव्यानंतर एकीवर एक बसूं लागल्या. त्या वेळीं आम्हांस त्याचें कांहींच वाटलें नाहीं. वाटूं लागलें तें एकोणिसाव्या वर्षीं, एका भरतीच्या मैदानावर. तेथें १६५ सेंटिमीटर उंचीची अट होती. धांवण्यांत आम्ही उतरलों होतों, छातीहि भरली होती. परंतु पहांटेपासून रांगेंत उभे राहून दुपारीं तीन वाजतां मापाच्या खांबाशीं गेलों, तों आडवी पट्टी अर्धा सेंटिमीटर खालींच थांबली. "पुढचा!" एवढाच शब्द ऐकूं आला.

घरीं आल्यावर आई म्हणाली, "अरे, तुझे आजोबा तरी कोठें उंच होते!" हें सांत्वन आम्हांस मुळींच रुचलें नाहीं. दुसऱ्या दिवसापासून परसांतील फणसाच्या फांदीस लोंबकळण्याचा आमचा उद्योग सुरू झाला. एका जाहिरातींतील चूर्णहि मागविलें. आंब्याच्या हंगामांत पेट्या भरून मिळविलेले पैसे त्यांत गेले. चूर्ण गोड होतें, एवढेंच त्याच्याविषयीं चांगलें सांगतां येईल.

पण गंमत अशी कीं, एके दिवशीं सकाळीं उठल्याबरोबर माप घेतलें, तों रेघ खरोखरच बोटभर वर! आनंदानें आम्हीं घर डोक्यावर घेतलें. रात्रीं पुन्हा मोजलें, तों सर्व पूर्ववत्. सकाळीं दिलेलें चूर्ण रात्रीं परत घेतें कीं काय, ही शंका घेऊन आम्ही गांवांतील एका डॉक्टरांकडे गेलों. ते पोट धरून हंसले. पाठीच्या कण्यांतील मणक्यांमध्यें २३ मऊ चकत्या असतात. दिवसभर उभें राहून त्यांतील पाणी दाबलें जातें आणि त्या किंचित् चेपतात. रात्रीं आडवें झालें कीं पुन्हां फुगतात. म्हणून प्रत्येक मनुष्य सकाळीं एक-दोन सेंटिमीटर अधिक उंच असतो. अंतराळांत महिनोन्महिने राहणारे वीर तर दोन इंचांपर्यंत वाढतात, आणि पृथ्वीवर परतले कीं पूर्वीइतकेच होतात. म्हणजे भरतीच्या दिवशीं आम्हांस सकाळींच मोजलें असतें तर? या प्रश्नानें पुढें कित्येक रात्री आमची झोंप घालविली.

डॉक्टरांनीं आमच्या मनगटाचें क्ष-किरण चित्र काढून दाखविलें. लांब हाडांच्या टोंकांशीं कूर्चेचा एक पातळ थर असतो. तेथें नव्या पेशी जन्मतात, त्यांचें हाड बनतें आणि हाड लांबतें. वयांत येतांना शरीरांतील जे रस ही वाढ जोरानें करवितात, तेच शेवटीं तो थर मिटवूनहि टाकतात. मुलींत हें बहुधा चौदा ते सोळा आणि मुलांत सोळा ते अठरा या वयांत घडतें. उशिरां वयांत येणाऱ्यांत आणखी एक-दोन वर्षें जातात. आमच्या चित्रांत तो थर नव्हताच. "दार लागलें आहे," डॉक्टर म्हणाले, "आतां फणस मोडेल, पण तूं वाढणार नाहींस." वांकून बसण्यानें हरवलेली उंची ताठ उभें राहून परत मिळते, तेवढीच.

शस्त्रक्रियेनें हाड लांबवितां येतें, हें खरें. सोव्हिएत रशियांत कुर्गान येथें इलिझारोव्ह यांनीं १९५० नंतरच्या दशकांत ती युक्ति बसविली: हाड कापावयाचें, बाहेरून कडीं बसवावयाचीं आणि रोज एक मिलिमीटर ताणावयाचें. ती मोडक्या व आंखूड पायांकरितां होती. केवळ हौसेखातर महिनोन्महिने असें खिळून पडावें, हें आम्हांस पटत नाहीं.

उंचीचा मोठा भाग आई-बापांकडून येतो. उरलेला बाळपणच्या अन्नावर, झोंपेवर आणि आजारांवर ठरतो. दक्षिण कोरियांत १८९६ सालीं जन्मलेल्या स्त्रियांहून १९९६ सालीं जन्मलेल्या स्त्रिया सरासरीनें सुमारें २० सेंटिमीटर उंच झाल्या. त्या कोणी फांदीस लोंबकळल्या नव्हत्या. पालकांनीं चूर्णाचे पैसे मुलें लहान असतांनाच दुधांत, अंड्यांत, मासळींत आणि नाचणींत घालावे.

आमच्याच गांवीं १८५६ सालीं जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनीं डेक्कन कॉलेजांतील पहिलें वर्ष व्यायामांत घालवून अशक्त शरीर कमावलें, आणि परीक्षा मात्र गमावली, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. त्यांनीं कमावली ती ताकद. उंची वाढल्याचें कोणी सांगत नाहीं.

चौकट अद्याप तशीच आहे. वडिलांनीं सत्तरी ओलांडली, त्यांची रेघ इंचभर खालीं आली. वयाबरोबर त्या चकत्या झिजतात. आमची कन्या चौदाव्या वर्षांत आहे. गेल्या रविवारीं तिची रेघ आमच्या रेघेपासून दोनच बोटें खालीं होती. ती नेहमीं सकाळींच मोजून घेते.