एका तकाराची गोष्ट

मास्तरकी सुटली तरी मास्तरपणा सुटत नाहीं, असें आमच्या घरांतील मंडळी म्हणतात, व तें खोटें नाहीं. वर्तमानपत्र वाचतांनासुद्धां आमच्या हातीं तांबडी पेन्सिल असते. गेल्या महिन्यांत या संवयीनें आमची जी फजिती झाली, ती वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. कारण तींतून एक जुनें देणें निघालें.

आमची नात नववींत आहे. तिच्या निबंधांत 'पाश्चात्त्य' हा शब्द दोन तकार घालून लिहिलेला दिसला. आम्हीं तत्काळ एक तकार खोडला आणि 'दाक्षिणात्य' या शब्दांत तकार एक, तर येथेंच दोन कां, असा आमचा नेहमींचा दाखला दिला. मुलगी मुकाट्यानें उठली, मोबाइल घेऊन आली आणि त्यावर अष्टाध्यायी उघडून तिनें चौथ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादांतील ९८ वें सूत्र आमच्यापुढें धरलें. 'दक्षिणा', 'पश्चात्' व 'पुरस्' या तीन शब्दांस पाणिनि तेथें 'त्यक्' प्रत्यय लावितो. त्यांतील ककार केवळ खुणेचा. राहतें तें 'त्य'. 'दक्षिणा' शब्दाच्या अंतीं तकार नाहीं, म्हणून 'दाक्षिणात्य'. 'पश्चात्' शब्दाच्या अंतीं तो आहे, म्हणून 'पाश्चात्त्य'. "आजोबा, तुमचा दाखलाच तुमच्यावर उलटला," एवढेंच ती म्हणाली.

आम्ही हंसलों खरे, पण त्या रात्रीं झोंप लागली नाहीं. १९९४ सालीं सातवींतील एका विद्यार्थ्यानें 'विज्ञान : शाप कीं वरदान' या निबंधांत हाच शब्द असाच लिहिला होता. आम्हीं तो खोडला व अर्धा गुण कापला. "वडिलांनीं असाच सांगितला," असें तो म्हणाला, तेव्हां साऱ्या वर्गादेखत तो शब्द 'सुधारून' दहा वेळां फळ्यावर लिहावयास लाविला. बरोबर लिहिणाऱ्यास आम्हीं चुकावयास शिकविलें!

आम्ही मॅट्रिक झालेले. संस्कृत शिकलों तें शास्त्रीबुवांच्या ओसरीवर बसून. ग्रंथ हाताशीं नव्हते, असें म्हणून सुटतां आलें असतें. पण अष्टाध्यायी आमच्याच फडताळांत होती, आणि तें सूत्र तर लहानपणीं पाठही केलें होतें. शाळेच्या कपाटांत वामन शिवराम आपटे यांचा संस्कृत-इंग्रजी कोश होता. फर्ग्युसन कॉलेजचें प्राचार्यपद सांभाळून आपट्यांनीं तो १८९० सालीं प्रसिद्ध केला, आणि दोनच वर्षांनीं, वयाच्या चौतिसाव्या वर्षाच्या सुमारास, ते निवर्तले. एवढ्या श्रमाचा तो ग्रंथ आम्ही दर दिवाळीस झटकून ठेवीत असूं; उघडीत मात्र क्वचितच. गुरुजींसही शंका येते हें मुलांस दिसूं नये, एवढीच त्यामागील बुद्धि. ज्ञानापेक्षां आम्हीं आब अधिक जपला.

आज त्याच कोशाची वाढविलेली आवृत्ति शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कोणासही फुकट पाहतां येते. यंत्रांमुळें मुलांचें पाठांतर गेलें, अशी कुरकूर आम्हींही वर्षानुवर्षें केली. आतां ती करवत नाहीं. आम्हांस सूत्र पाठ होतें, पण आम्हीं पाहिलें नाहीं. नातीस पाठ नव्हतें, पण तिनें पाहिलें. मात्र तेंच यंत्र खिशांत बाळगून चुकीचा शब्द बिनदिक्कत लिहिणारेही आम्ही रोज पाहतों. कोश कपाटांत असो वा खिशांत, शंका आपल्याच मनांत उपजावी लागते. ती उपजविणें हेंच शिक्षकाचें काम. आणि आम्हीं त्या दिवशीं ती फळ्यावर दहा वेळां पुसून टाकिली.

तो विद्यार्थी आतां चाळिशी ओलांडून गेला असेल. त्याचा ठावठिकाणा आम्हांस नाहीं. परंतु हा अंक त्याच्या घरीं जात असेल, तर त्यानें एवढें वाचावें : बाळ, तुझा शब्द बरोबर होता, आणि तुझे वडीलही. अर्धा गुण आमच्याकडे बाकी आहे.