साचा कोणाच्या हाती?

सोलापूरच्या गिरण्या बंद पडल्या आणि आपल्या वस्त्यांतली मुले चाकणला, वाळूजला निघाली. माझा पुतण्याही वाळूजला ॲल्युमिनियमच्या डाय कास्टिंग मशिनवर आहे. तिथे मोटारसायकलच्या इंजिनाची कव्हरे बनतात. सुट्टीत आला तेव्हा त्याने मला सगळे काम समजावून सांगितले.

ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते. भट्टीतला रस पळीने मशिनमध्ये ओततात. दट्ट्या तो प्रचंड दाबाने पोलादी साच्यात ढकलतो. काही सेकंदांत माल गोठतो, साचा उघडतो. साच्यावर फवारा मारायचा की पुन्हा तेच. आत हवा अडकली तर मालात पोकळी राहते आणि तो नापास होतो.

"काका, लोखंडाचा रस लालभडक दिसतो, माणूस आपोआप लांब राहतो. हा चांदीसारखा शांत दिसतो, म्हणून घात करतो," तो म्हणाला. ओले भंगार किंवा ओली पळी रसात गेली की पाण्याची एकदम वाफ होते आणि रस उसळतो. त्याच्या शेजारी काम करणाऱ्या ठेकेदाराकडच्या मुलाचा हात असाच भाजला. हातमोजे फाटके, ईएसआयचा नंबरही काढलेला नव्हता.

मी विचारले, "हा साचा बनवतो कोण?"

"ते टूलरूमवाले. त्यांचा पगार वेगळा, मान वेगळा."

मला बाबासाहेब आठवले. मुंबईच्या गिरण्यांत जास्त मजुरीच्या विणाईखात्यात अस्पृश्यांना घेत नसत. कारण तुटलेला धागा तोंडाने ओला करावा लागे, त्याचा विटाळ होई! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठणकावून मांडला. आज टूलरूमच्या दारावर विटाळाची पाटी नाही. पण माहिती नसणे हीसुद्धा एक पाटीच आहे.

म्हणून सांगतो. दहावीनंतर आयटीआयमध्ये टूल अँड डाय मेकरचा ट्रेड आहे. छत्रपती संभाजीनगरला केंद्र सरकारची इंडो-जर्मन टूल रूम आहे, तिथे या कामाचा डिप्लोमा मिळतो. आयटीआयमध्ये अनुसूचित जातीसाठी राखीव जागा असतात. जातीचा दाखला आधीच काढून ठेवा. जे भट्टीवर आहेत त्यांनी पहिल्याच आठवड्यात ईएसआयचा नंबर आणि धड हातमोजे मागावेत. एकट्याने नव्हे, चौघांनी मिळून मागावेत.

आई-वडिलांनो, मुलाचा पगार किती हे आपण विचारतोच. तो तिथे काय शिकतो आहे, हेही विचारत चला.

जयभीम!